गाळलेल्या ओळी

क्षणभर डोळे मिटा. आता समजा, तुमच्यासमोर संगणक आहे. कळफलक बोटांना पाठ आहे, पण पडद्यावर काय उमटलं ते दुसऱ्याच्या तोंडूनच कळतं. तो दुसरा माणूस जेवढं सांगेल, तेवढाच तुमचा पडदा.

क्युबातल्या हिबारा गावात एनेइदाबाईंचं गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. त्यांना दिसत नसे. त्या गावच्या रेडिओसाठी श्रुतिका लिहायच्या आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची ती त्यांची भाची, बारा वर्षांची लिसांद्रा.

आता लिसांद्राला ओल्गीन शहरातल्या कलाशाळेत व्हायोलिनसाठी जागा मिळाली होती. राहायचं तिथेच, घरी यायचं महिन्यातून एकदा. उद्या पहाटे निघायचं होतं.

आज शनिवार, म्हणजे पाकेतेवाल्या ओस्मेलचा दिवस. गावात इंटरनेट नावापुरतं. त्यामुळे ओस्मेल आठवड्याचे सिनेमे, मालिका, प्रोग्राम असा सगळा 'पाकेते', म्हणजे गठ्ठा, एका डिस्कवर भरून सायकलवरून दारोदार फिरायचा आणि ज्याला जे हवं ते त्याच्या पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचा. एनेइदाबाईंनी या वेळी पडदा मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम मागवला होता. लिसांद्रा गेली की घरात तो बसवून देणारं कुणी नव्हतं. आज बसला तर बसला, नाहीतर महिनाभर लिहिणं बंद. रेडिओवाले महिनाभर थांबणार नव्हते.

ओस्मेल आला तेव्हा वीज नव्हती, ती सहाला यायची होती. त्यानं कॉफी घेतली, बॅटरीवर चालणारा आपला लॅपटॉप मांडीवर उघडला आणि विचारलं, "बत्तीसचा देऊ की चौसष्टचा?"

मग त्यानं समजावून सांगितलं. काही संगणकांची यंत्रणा बत्तीस बिटांची असते, काहींची चौसष्टची. प्रोग्रामही तसे दोन निघतात. चौसष्टचा प्रोग्राम बत्तीसच्या यंत्रणेवर नेला तर तो सुरूसुद्धा होत नाही. पेनड्राइव्हवर बाईंच्या दोन वर्षांच्या श्रुतिका होत्या आणि उरलेल्या जागेत एकच प्रोग्राम मावत होता. संगणक चालू करून बघावं तर वीज नाही, आणि सहापर्यंत थांबायला ओस्मेलला सवड नाही.

त्यानं संगणकाच्या डब्यावर चिकटवलेला कागद पाहिला. त्यावर चौसष्ट लिहिलं होतं. म्हणजे प्रश्न मिटला, असं तो म्हणाला. एनेइदाबाई हसल्या. डबा होता बंद पडलेल्या एका कचेरीतला, आतला मदरबोर्ड पुतण्यानं कुठूनसा आणलेला, पडदा तिसऱ्याच कुणाचा. तो कागद आतल्या यंत्राबद्दल काय सांगणार?

ओस्मेलनं मान खाजवली. मग त्याला एक खूण आठवली. संगणकातली डिस्क उघडली की प्रोग्राम ठेवायचं फोल्डर दिसतं. चौसष्टच्या यंत्रणेत ते दोनदा दिसतं, नाव तेच, फक्त दुसऱ्याला मागे कंसात काहीतरी जोडलेलं. बत्तीसच्या यंत्रणेत ते एकदाच दिसतं.

"एकदाच," एनेइदाबाई लगेच म्हणाल्या. "ही पोर मला सगळं वाचून दाखवते. ते नाव मी कधी लागोपाठ दोनदा ऐकलेलं नाही."

ओस्मेलनं बत्तीसच्या प्रोग्रामवर बोट नेलं. लिसांद्रा कॉफीचा रिकामा कप हातात धरून उभी होती. तिनं तो खाली ठेवला.

"मावशी, मी सगळं नाही वाचत. तेच तेच आलं की गाळते."

"ठाऊक आहे मला. गल्लीत पोरं खेळायला लागली की तुझी वाक्यं तोकडी होतात." एनेइदाबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता. "पण हे गाळलंस का?"

"आठवत नाही."

"छान," ओस्मेल म्हणाला. "एकीला दिसत नाही आणि दुसरी बघत नाही. आता मी विचारू कुणाला, शेजारच्या बोकडाला?"

"विचार की. तो निदान काही सोडत तरी नाही," एनेइदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, प्रोग्रामबरोबर काही माहिती लिहून येते का. ओस्मेल म्हणाला, येते, चार पानं असतात, पण आजवर कुणी ती उघडलेली त्यानं पाहिली नव्हती.

त्यांनी लिसांद्राच्या दिशेनं मान वळवली. "वाच."

लिसांद्रा लॅपटॉपसमोर बसली. तिनं अगदी वरून सुरुवात केली. नाव, आवृत्तीचा आकडा, तारीख. काय काय सुधारलं त्याची लांबलचक यादी. ओस्मेलनं दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा बाहेर जाऊन सायकल सावलीत लावून आला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ते वाक्य आलं: बत्तीस बिटांची आवृत्ती चौसष्टच्या संगणकावरही चालते.

ओस्मेलनं तिला ते पुन्हा वाचायला लावलं. सहा वर्षं हे प्रोग्राम गावभर वाटतोय आणि आपल्याला ठाऊक नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. बत्तीसचा प्रोग्राम त्यानं पेनड्राइव्हवर उतरवला, पेनड्राइव्ह काढून एनेइदाबाईंच्या तळहातावर ठेवला आणि लॅपटॉप मिटण्यासाठी हात पुढे केला.

"झालं काम, पोरी. सोड आता."

लिसांद्रानं सोडला नाही. दुसऱ्या पानाचा उरलेला भाग तिनं संपवला आणि तिसरं सुरू केलं. त्यावर प्रोग्राम बनवणाऱ्यांची नावं होती, मग वेगवेगळ्या भाषांत तो नेणाऱ्यांची, त्यांचे देश, कंसातली सालं. एनेइदाबाई पेनड्राइव्ह मुठीत धरून ऐकत होत्या. ओस्मेल दारात थांबला.

चौथ्या पानावर एक आडनाव लागोपाठ दोनदा आलं. लिसांद्रानं ते दोनदा वाचलं.