सात वाजताची फाइल

नागसेन सरांच्या पत्राला आदिनाथरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र सत्त्याण्णव सालचं. आज कपाट आवरताना ते पुन्हा हाती आलं आणि त्यांचे कान तापले.

तेव्हा अंबडला इंटरनेट नव्हतं. आदिनाथरावांनी घरच्या कम्प्युटरला फोनची तार जोडून बुलेटिन बोर्ड सुरू केला होता. लोकांनी आपल्या कम्प्युटरवरून फोन लावायचा आणि फाइल उतरवून घ्यायची. लोक म्हणजे घनसावंगीचे नागसेन सर. दुसरं कोणी नव्हतं. फाइल म्हणजे आदिनाथरावांनी अकरा वर्षं जमवलेला गोदाकाठच्या शब्दांचा कोश.

पत्रात होतं, "रोज संध्याकाळी सातला उतरवतो. तीनदा झालं. मधेच कचरा येतो. ‘तिफण’ या शब्दापर्यंत ठीक, पुढे नुसती चिन्हं. चूक माझी की फाइलीची?"

आदिनाथरावांनी कम्प्युटरला फोनशी जोडणारा मोडेम बदलला. तार बदलली. काही सापडलं नाही. म्हणजे दोष आपल्या कोशातच असणार. त्यांनी बोर्ड बंद केला, कोशाची छापून काढलेली प्रत कपाटात टाकली. पुढं नागसेन सर बसस्टँडवर दिसले, की आदिनाथराव खांबाआड होत. अठ्ठावीस वर्षं.

साळूबाई चहा घेऊन आल्या. न राहवून आदिनाथरावांनी बायकोला पत्र वाचून दाखवलं.

"सातला?" साळूबाई म्हणाल्या. "सातलाच तर मी स्वयंपाकघरातला फोन उचलून पाह्यची. डेड तर झाला न्हाई ना, म्हणून. आपल्या मीनाचा फोन यायचा सासरहून."

आदिनाथरावांचा चष्मा घसरला. स्वयंपाकघरातला फोन मोडेमच्याच तारेवर होता. "काय ऐकू यायचं?"

"कोणीतरी किरकिर करून राह्यलेलं असायचं. मला वाटायचं, बिचाऱ्याला बोलताच येईना. मंग मीच जोरात विचारायची."

"काय?"

"माणसाला काय विचारतेत? जेवला का म्हणलं."

"अगं, मला सांगायचंस तरी!"

"कसं सांगू? तुम्ही दार लावून बसायचे. म्हणायचे, आवाज करू नको, काम चालू हाये."

आदिनाथरावांनी पत्रातल्या ‘कचरा’ या शब्दावर बोट ठेवलं. मग खांदे हलवत हसू लागले.

दुपारी त्यांनी कोशाची छापील प्रत पाकिटात घातली, सोबत चिठ्ठी ठेवली आणि पाकीट स्वतः टपालात टाकून आले. चिठ्ठीत एवढंच होतं:

"सर, चूक तुमची नव्हती, फाइलीचीही नव्हती. मधला कचरा हा आमच्या घरून तुम्हाला विचारलेला प्रश्न होता. तेव्हा नीट पोचला नाही, म्हणून पुन्हा विचारतो. जेवलात का?"