निवडुंगाला गोडं पाणी

रोपांवर पाणी शिंपडून झाल्यावर इंदूबाईंचं लक्ष लेकानं डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीकडं गेलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गिरवलेली अक्षरं एकेक जुळवत त्यांनी वाचलं: फक्त गोडं पाणी. बोअरचं नको. खारं आहे, रोपं जळतील.

हातातला मग हातातच राहिला. मगात बोअरचंच पाणी होतं.

टँकर तीन दिवस आला नव्हता. हंड्याचा तळ खरवडून धम्मदीपनं तांब्याभर गोडं पाणी काढून ठेवलं होतं आणि जाताना एवढंच बोलला होता, "आई, दुपारी रोपांवर थोडं शिंपड हां. तांब्यात ठेवलंय." आता गोडं पाणी माणसानं प्यायचं की वाळूत ओतायचं? सकाळपासून इंदूबाईंनी स्वतः घोट घेतला नव्हता. त्यांनी आपलं शहाणपण चालवलं. तांब्यातल्या पाण्यात लेकासाठी भात टाकला आणि रोपांना ड्रममधलं बोअरचं दिलं. रोपं तरी कसली, तर निवडुंगाची! गावाकडं माणसं निवडुंग उपटता उपटता हात सोलून घेत, आणि इथं हा बी पेरून वाढवतोय.

पण आता हसायची सोय नव्हती. लेकाच्या कंपनीला टाळं लागून आठ महिने झाले होते. धम्मदीप भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा, हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. सून मंदा कामावर निघताना हळूच सांगायची, "आई, त्यांना एकटं सोडू नका. आतून कडी लावू देऊ नका." मग कुणा मित्रानं मोहरीहून बारीक, काळ्या बिया दिल्या. श्रीखंडाच्या डब्याला तळाशी भोकं पाडून यानं वाळू भरली, बिया टाकल्या, वर प्लॅस्टिकची पिशवी ताणून रबर लावलं. बाराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले आणि त्याच दिवशी यानं दाढी केली. आता सतरा होते, साबुदाण्याएवढे. रोज उठला की आधी ते मोजायचा. आज तर कंपनीच्या गेटवरच्या मीटिंगला आपण होऊन गेला होता. दोनपर्यंत येतो म्हणाला होता.

घड्याळात सव्वा वाजला होता.

"काय करून बसले गं बाई मी," इंदूबाई स्वतःशीच म्हणाल्या. भाजी खारट झाली तर धुता येत नाही, पण वाळू धुता येते. वरून गोडं पाणी सोडलं की खारं खालच्या भोकांतून निघून जाईल. पण गोडं पाणी आणायचं कुठून?

समोरच्या दारात. तिथल्या गुजराती हंसाकडं मोठी टाकी होती, तिच्याकडं पाणी संपत नसे.

इंदूबाई तांब्या घेऊन आपल्याच उंबऱ्यात थांबल्या. गावात पाटलाच्या विहिरीला निवडुंगाचं कुंपण होतं. त्याच्या अलीकडं यांच्या वस्तीतल्या बायांनी घागर ठेवायची आणि बसायचं. कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. त्यातला एक काटा अजून टाचेत ठणकतो. शहरात, या पूनम सागर सोसायटीत राहायला आल्या त्या दिवशी त्यांनी मनाशी गाठ मारली होती: तहानेनं जीव गेला तरी पाणी कुणाला मागायचं नाही. पाच वर्षं ती पाळली. आणि आता मागायचं ते कुणासाठी? त्या मेल्या निवडुंगासाठीच!

दीड वाजला. त्यांनी समोरची बेल दाबली.

"कौन? मासी! आवो ने," हंसानं दार उघडलं. कोपरापर्यंत हात कणकेत.

"थोडा मीठा पानी होना," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी तांब्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकल्या. असलं काही ठरवून करावं लागत नाही, पाय आपले आपण सरकतात.

हंसा तांब्याकडं बघत राहिली. "नीचे क्यों रखा? मेरे हाथ आटेवाले हैं, मासी. अंदर आके मटके से ले लो."

"मैं?"

"और कौन? जल्दी करो, मेरा तवा जल रहा है," म्हणत ती आत पळालीसुद्धा.

इंदूबाई आत गेल्या. माठावर पितळी झाकण होतं, बाजूला लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं. त्यांनी हंसाकडं पाहिलं. हंसा पाठमोरी पोळी उलटत होती. मग त्यांनी झाकण काढलं. आत सोडताना ओगराळं माठाच्या काठावर आपटून टण्णकन आवाज झाला. हंसानं वळूनही पाहिलं नाही.

धम्मदीप आला तेव्हा इंदूबाई डब्यापाशी बसून चमच्यानं पाणी सोडत होत्या. खालच्या ताटलीत बरंच पाणी जमलं होतं.

"आई, हे काय करतेस?"

त्यांनी सगळं सांगून टाकलं. भात, ड्रम, चिठ्ठी, सगळं. तो डब्यावर वाकला आणि मोजायला लागला. इंदूबाई त्याच्या ओठांकडं बघत राहिल्या.

"सतरा," तो म्हणाला. मग वाळूला बोट लावून त्यानं जिभेवर टेकवलं. "खारट नाही लागत. पाणी कुठलं?"

"हंसाच्या माठातलं. माझ्या हातानं काढलं."

धम्मदीपनं डब्यावरची नजर उचलून आईकडं पाहिलं. टाचेतल्या काट्याची गोष्ट त्यानं लहानपणापासून ऐकली होती. मग तो म्हणाला, "तांब्यात उरलंय थोडं. तेही घाल त्यांना."

"न्हाई," इंदूबाई म्हणाल्या. "त्यांना लई झालं." आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.