सोबत्याची खाट

कोकणात समुद्राकाठी आजारी माणसांसाठी आरामघर होणार होतं. त्याचा स्वतः काढलेला नकाशा समीक्षानं जळगाव जामोदला येऊन बाबांना दाखवला. पेशंटच्या खाटेला लागूनच सोबतच्या माणसाची खाट होती. हाक मारली की त्यानं लगेच उठावं, म्हणून.

शेजारचे शालिग्राम हरखले; त्यांची बायको अंथरुणाला खिळून होती. "पंजाबराव, पहिली खोली आमच्या सरस्वतीची बरं का! मीबी समुद्र पाहून घेतो."

ते जाताच पंजाबराव फणकारले, "ती दुसरी खाट काढून टाक."

"काऊन बाबा? काकाले समुद्र दिसला तर तुमचं काय जाते? एवढे काऊन जळता त्याच्यावर?"

"समुद्र पाहू दे त्याले. तुही माय गेली, तरी रातच्याले मी अजून उठतो, पोरी...


पण त्याले हाक येते."