फाल्गुनातला झिरा

सुकरीनं झिऱ्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

काल दिवस मावळताना तिनं हाच झिरा कोपरभर खोल कोरला होता, तेव्हा कुठं घागरभर पाणी लागलं होतं. नदीच्या रेतीत डांगर-काकडीची वाडी करणाऱ्यांच्या बायकांचं हे रोजचंच काम. ऊन वाढतं तशी नदी खाली जाते, आणि पाण्यासाठी रेतीत कोरलेला हा खड्डा रोज चार बोटं जास्त कोरावा लागतो. आज कोरावं लागलं नाही. पाणी आपणहून काठाशी येऊन थांबलं होतं. नितळ, गार.

"आठ दिवसांपासून पाऊस पडून राह्यला, मंग भरन नाई तर का?" तिचा नवरा पत्रू पलीकडून म्हणाला. "बरंच झालं. तुही कंबर वाचली."

सत्याऐंशी सालचा फाल्गुन असा भिजतच आला होता. झिमझिम यायची, थांबायची, पुन्हा यायची. वाडीची पहिली लावण गारांनी झोडपून काढली होती. घरात उरलं होतं तेवढं बी त्यांनी पळसाच्या पानांच्या दोन्यांत टाकलं, अंगणात छपराखाली जपलं, आणि ती डांगराची, काकडीची बोटभर रोपं आज टोपल्यांतून इथं आणली होती. वैनगंगेची एक धार ओलांडून मधल्या रेतीच्या बेटावर. ही रोपं गेली तर यंदा वाडी नाही.

वारा लागू नये म्हणून पत्रूनं खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर ओढली आणि एका टोकापासून लावायला घेतलं. आळं करायचं, मूठभर शेणखत टाकायचं, दोना फाडून रोप ठेवायचं, रेती दाबायची. हात सवयीचे होते.

सुकरी वाडीवरच्या खोपटाजवळच्या चुलीपाशी गेली. काल तिथं चहा केला होता. तिनं राखेला बोट लावलं. राख कोरडी होती, फुंकली तर उडाली. म्हणजे रात्री इथं थेंबही पडला नव्हता. मग झिऱ्यात पाणी आलं ते कुठून?

तिनं वरच्या अंगाला पाहिलं. भंडाऱ्याकडचं आभाळ जमिनीला टेकलं होतं. तिकडून आवाज काहीच नव्हता.

ती गुपचूप पहिल्या ओळीपाशी जाऊन बसली.

दहा-बारा आळी झाल्यावर पत्रूनं कंबर सरळ केली आणि मागं वळून पाहिलं. सुकरी त्यानं लावलेलं एकेक रोप मूठभर रेतीसकट उचलून टोपल्यात परत ठेवत होती.

"अवो! का करून राह्यली तू?"

"काढून राह्यली."

"मी लावतो अन् तू काढतं? लोक पाहतील तर म्हनतील, दोघं बी पिसाळले."

"म्हनू द्या. झिरा वर आला. नदी चढून राह्यली."

"फागुनात कुठी पूर येते का?" पत्रू हसला. "माह्या बापानं चाळीस वर्स वाडी केली इथी."

"वाडी तुमच्या बापानं केली. झिरा तुमच्या मायनं कोरला. तिले कोनं विचारलं होतं का?"

पत्रूचं हसू गेलं. त्यानं खालच्या अंगाला हात केला. तिथं, पाव कोसावर, दुसऱ्या बेटावर त्याच्या बहिणीची, सोमारीची वाडी होती. चार-पाच माणसं वाकून काम करताना दिसत होती.

"ते पाय. सोमारी लावूनच राह्यली ना? ते सारे येडे अन् तूच एकटी शायनी?"

सुकरीचे हात चालूच राहिले. काही मुळं तुटत होती. तुटलेलीही ती टोपल्यात ठेवत होती.

रागारागानं पत्रू पुन्हा खाली बसला. बराच वेळ दोघं असेच सरकत राहिले, तो पुढं, ती त्याच्या मागं. त्याचं टोपलं रिकामं होत होतं, तिचं भरत होतं.

मग पत्रूनं एक आळं केलं. वीतभरच खोल. त्यात मूठभर शेणखत टाकलं आणि रोप घ्यायला वळला. परत पाहिलं तर शेणखत वर आलं होतं. आळ्यातल्या पाण्यावर ते हळूहळू फिरत होतं.

तो उकिडवाच पाहत राहिला. मग घाईनं शेजारचं रोप उपटू लागला.

"ते राहू द्या आता," सुकरी म्हणाली. "चाला."

सकाळी येताना धारेत घोटे बुडले होते. आता पाणी मांड्यांना लागलं. गढूळ होतं, त्यात सागाची पानं आणि काटक्या वाहत होत्या. पत्रूच्या डोक्यावर टोपलं. सुकरीनं त्याचा हात घट्ट धरला होता. मधोमध त्याचा पाय सरकला, पण टोपलं सुटलं नाही.

काठावर येताच त्यानं टोपलं खाली ठेवलं आणि तोंडाशी दोन्ही हात धरले.

"सोमारेऽऽ! निंगाऽऽ! निंगा तिथूनऽऽ!"

वारा उलटा होता. शब्द जागच्या जागीच पडत होते. पत्रूनं खोळ सुकरीकडं फेकली आणि काठाकाठानं, झुडपांतून पळत सुटला. सुकरी उंचवट्यावर चढली. तिनं खोळ जोरजोरात हलवली.

दूर बेटावरचं एक माणूस उभं राहिलं. सोमारीच असावी. तिनं कपाळावर हात धरून इकडं पाहिलं. मग तिनंही हात उंच करून हलवला. तिच्या शेजारी आणखी दोन हात वर झाले, आनंदानं हलले.

आणि मग ती सगळी माणसं पुन्हा खाली वाकली.