करंजाखालची जागा

मंगळवारी दुपारी खाडीवाल्याचा तिसरा निरोप आला, तसा निशाने हातातला चहा बाजूला ठेवला.

"झाडांची जागा नक्की कुठे? खूण सांगा."

ना नाव, ना गाव. नुसतं 'खाडीवाला'. साइटवर येऊन पंधरा दिवस झालेले आणि फोटो एक टाकला असेल तर शपथ! पहिल्या मंगळवारी विचारलं, या झाडांना किती जागा लागते. दुसऱ्या मंगळवारी, पाणी साचू द्यायचं की वाहू द्यायचं. आणि आता थेट जागाच.

साइट म्हणजे नऊ हौशी माणसांचा उद्योग. ठाणे जिल्ह्यातल्या कीटकभक्षी वनस्पतींची नोंद करायची, तीही पदरमोड करून. कोणी कोन गावचा, कोणी अंबाडी गावचा. एकमेकांची तोंडं पाहिलेली नव्हती, पण रोज संध्याकाळी फोटो चढवायचे, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून उंची दाखवायची आणि चुका काढत कडाकडा भांडायचं.

निशाची नोंद सगळ्यांत मोठी. पूर्णा गावात, तिच्या वडिलांच्याच शेतात, ओढ्याच्या अलीकडे कातळावरच्या ओलीत दवबिंदूची दोनशे रोपं होती. बोटाएवढं रोप, लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की संपलं त्याचं. साइटच्या पानावर मात्र तिने 'पूर्णा परिसर' एवढंच लिहिलं होतं. अंबाडीच्या विशालने ऑगस्टमध्ये आपली जागा सविस्तर लिहिली आणि आठ दिवसांत कोणीतरी तिथली झाडं मुळासकट उपटून नेली. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला होता.

तिने विशालला फोन लावला.

"हा तोच आहे रे. उपटून नेणारा."

"मग सांग त्याला जागा," विशाल म्हणाला. "पण चुकीची."

"खोटं लिहू?"

"पानावर नाही गं. निरोपात. मग तिथे खणायला कोण येतंय, ते गपचूप बघ."

निशाने टाइप केलं, 'ओढ्याच्या पलीकडे, करंजाखाली.' शेताच्या त्या टोकाला तर शेळ्यासुद्धा तोंड लावत नव्हत्या, इतकी कोरडी जमीन. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"आभारी आहे. आता काळजी नाही."

मेला कसा निर्लज्ज आहे, म्हणे काळजी नाही!

संध्याकाळी काळूराम, म्हणजे तिचे वडील, भिवंडीहून आले ते गाल धरूनच. तिच्या आईने, जानकीबाईने, विचारलं, "आज तरी काडला का दात?"

"न्हाय. डाक्तरकडं गर्दी व्हती."

"तीन मंगळवार झालं, गर्दीच हाय!"

निशा जेवत्या पानावरून उठून गेली. गोदामवाल्याशी शेताच्या विक्रीचा व्यवहार ठरल्यापासून ती त्यांच्याशी धड बोलत नव्हती. दिवाळीनंतर भराव पडणार होता. दाराच्या मागे तिने साइटच्या पानाचा छापील कागद चिकटवला होता. महिन्यापूर्वी काळूराम त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "ही झाडं आपल्याच शेतात ना गो? कुठल्या अंगाला?"

"कशाला? डंपरला पत्ता द्यायला?" ती तडकली होती. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. झाडं वाचवण्यासाठी नऊ जणांच्या सह्यांचा अर्ज कलेक्टर कचेरीत गेला होता. त्याचा नुसता वास लागला असता, तरी बाबांनी आणि शेतात वाटा असलेल्या काकांनी आधी तिथेच भराव टाकला असता, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

गुरुवारी ती गच्चीवरून पाहत होती. करंजाखाली एक माणूस टेप धरून वाकला होता.

"आला!" ती फोनवर ओरडली. "विशाल, आला रे!"

चपला न घालताच ती धावत सुटली. पोचेपर्यंत माणूस पसार. मागे चार खुंट्या आणि चुन्याने आखलेला चौकोन. चोर बघा किती पद्धतशीर! निशाला भीती वाटली आणि हसूही आलं. खण बाबा, हवं तेवढं खण. खरी झाडं ओढ्याच्या अलीकडे सुखरूप होती. त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

सोमवारी कल्याणला कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. दुपारी परतताना रिक्षा कोनच्या पुढे आली आणि तिला मुरुमाने भरलेले डंपर दिसले, एकामागे एक. दिवाळीला अजून दहा दिवस होते. पूर्ण्याला ते तिच्याच गल्लीत वळले, तशी तिने रिक्षातून उडी टाकली.

ती बांधावरून पळत गेली. कातळ दिसतच नव्हता. तिथे तांबड्या मुरुमाचा ढीग होता, आणि त्याच्यावर आणखी एक डंपर पाठीमागे येत होता.

"रुको! नीचे पौधे हैं!"

"पीछे हटो, मॅडम," ड्रायव्हर ओरडला. "इधर सब भरने का है. सेठ ने सिर्फ उधरवाला टुकडा छोड़ने को बोला है."

डंपरचा मागचा भाग वर उचलला गेला. निशा मुरुमापासून मागे सरली. तिला रडूही फुटेना.

"निशा! ए पोरी! हिकडं ये!"

ओढ्यापलीकडून काळूराम हात हलवत होते, आणि चक्क हसत होते. तिच्या डोक्यात तिडीक गेली. आज काय ते तोंडावर सांगायचं, कायमचं, असं ठरवून ती पाण्यातून तशीच पलीकडे गेली.

करंजाखाली, चुन्याच्या चौकोनावर, नवं कोरं तारेचं कुंपण उभं होतं. आत कोरडी, भेगाळलेली जमीन.

"तुज्या काकांनी लय शिव्या घातल्या मला," काळूराम म्हणाले. "पन सहीच्या आदी एवडा तुकडा काडून घेतलाच. कागदावर हाय, तुज्या नावानं. कुनी हात न्हाय लावनार." ते कुंपणावर वाकले. "आता एकबी दिसत न्हाय, पन पाऊस पडला का येतील ना गो? मला सांगत नव्हतीस, मंग भिवंडीत सायबरच्या पोराकडून लिवून घेतलं. तूच कलवलंस ना, ओड्याच्या पलीकडं, करंजाखाली?"