चौथं शील

“कैमरे के सामने से हिलना नहीं,” तो म्हणाला, आणि अर्धवट उठलेली माया तशीच खाली बसली.

“सायब, गॅसवर वरण आहे. जळून राहिलं.”

“बंद करके आओ. फोन साथ में.”

फोन हातात धरूनच तिनं गॅस बंद केला. परत येऊन तो तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावरच्या माणसाच्या अंगात खाकी वर्दी, पाठीमागं झेंडा, टेबलावर फायलींचा ढीग. हा पोलीस नाही म्हणायची कोणाची बिशाद! त्यानं मुलाचं नाव बरोबर सांगितलं होतं, प्रीतम. पुण्यातली त्याची कंपनीही सांगितली होती. प्रीतमच्या आधार कार्डावर नशेच्या गोळ्यांचं पार्सल सापडलं, म्हणाला. घरच्यांची खाती तपासून होईपर्यंत मायाला अटक. घरातल्या घरात, फोनवरच. कोणाला एक शब्द सांगितला, तर तिकडं प्रीतमला ऑफिसातून उचलणार.

अख्खी दुपार अशी गेली. नवरा, प्रेमानंद, बहिणीकडं पारशिवनीला गेलेला. घरात ती आणि तो फोन. पाणी प्यायचं तरी साहेबाला विचारून. अशा फोनच्या बातम्या तिनं पेपरात वाचल्या नव्हत्या का? वाचल्या होत्या, वर हसलीही होती. पण लेकराचं नाव निघालं की आईचं डोकं चालत नाही. तिला एकच दिसत होतं, नुकती नोकरी लागलेला प्रीतम आणि त्याच्या हातातल्या बेड्या.

बाजेवर पांढरी साडी इस्त्री करून ठेवलेली होती. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास चालू होता. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असायचं, आणि त्याआधी पंचशील. माया पुढं म्हणायची, बाकीच्या बाया तिच्या मागून. कित्येक वर्षांचा तिचा तो मान होता. आज ती साडीकडं नुसती बघत बसली.

“अब बैंक का ऐप खोलो,” साहेब म्हणाला. “सारा पैसा जाँच के लिए सरकारी खाते में भेजना है. बेटे को बचाना है ना?”

तिनं ॲप उघडलं. घाईत पिन चुकला. ती पुन्हा टाकायला गेली, तोच दारावर थाप पडली.

“माया! काय करून राहिली वं? साऱ्या जणी थांबून राहिल्या तिकडं!”

शेजारच्या बायजामावशी. त्यांच्यामागं आणखी दोघी-चौघींचा गलका.

“कौन है?” साहेबाचा आवाज एकदम खाली आला. “बोलो, तबीयत ठीक नहीं. भगाओ उनको.”

फोन छातीशी धरून माया दारापाशी गेली. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. प्रीतमसाठी तिनं विहिरीत उडी घेतली असती, मग एका खोट्याचं काय घेऊन बसलात! पण चौथं शील नेमकं तेच, मी खोटं बोलणार नाही. इतकी वर्षं रोज म्हणून म्हणून ते जिभेत मुरलेलं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खोटं काही केल्या निघेना. निघालं ते खरंच.

“मावशी, मले अटक झाली. तुम्ही जा.”

झालं. संपलं सगळं. आपल्याच तोंडानं आपण प्रीतमला जेलात घातलं. ती दाराला टेकून खाली बसली.

“पागल हो गई क्या?” फोन ओरडला.

बाहेरून मावशी म्हणाल्या, “अटक? कोणं केली?”

“फोनातल्या पोलिसायनं. कोणाले सांगाचं नाही म्हणते.”

“दार उघड.”

आता काय राहिलं होतं लपवायला? बसल्या बसल्याच हात वर करून मायानं कडी काढली. बायजामावशी आत आल्या. तरुणपणी नामांतराच्या आंदोलनात तान्ही पोर कडेवर घेऊन जेलात जाऊन आलेली बाई ती. त्यांनी फोन हातात घेतला आणि बाजारात किडकं वांगं बघावं तसं साहेबाला निरखलं.

“मी गेली आहो जेलात,” त्या मायाला म्हणाल्या. “पोलीस साऱ्या मोहल्ल्यादेखत नेते वं, गाडीत बसवून. कोणाले सांगू नको म्हणते तो चोर.” मग फोनकडं वळल्या. “सायब, आम्हालेबी करा नं अटक! लिहा नावं. पहिलं माहं, बायजाबाई.”

“माहं प्रयागबाई!” मागून आवाज आला. कॅमेऱ्यात पांढऱ्या पदरांची दाटी झाली.

पडदा काळा झाला. जो फोन ठेवायची मायाची दुपारभर छाती झाली नाही, तो त्यानंच ठेवला होता.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला आणि ती दचकून भिंतीला लागली. प्रीतम होता.

“आई, दुपारपासून फोन बिझी काहून येऊन राहिला वं? काही झालं का?”

मायाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं.

“नाही रे राजा, काहीच नाही. फोन चार्जिंगले होता. मी झोपली होती मस्त. तू जेवला का?”

सगळं सरळ निघालं, एकदाही न अडखळता.

बायजामावशींनी बाजेवरची साडी उचलून तिच्या हातात दिली.

“नेस लवकर. आज शील मी सांगीन, तू मागून म्हणजो,” त्या म्हणाल्या. “अन् चौथं जरा जोरानं.”