धरल्याच्या खुणा

दंडावर चार बोटं उमटली होती. अंगठा मागच्या बाजूला. जांभळी, कडेनं पिवळट. चहाचा कप पुढं करताना पद्माबाईचा पदर घसरला आणि हुमनाबादहून आलेल्या तिच्या धाकट्या भावाला, लिंगराजला, ते दिसलं.

त्यानं कप घेतलाच नाही.

"हे कुणी केलं, अक्का?"

"कुणी न्हाई रे. परवा मोरीत पाय सरकला. ह्यांनी धरलं म्हणून वाचले."

लिंगराजनं काशाप्पाकडं पाहिलं. "नुसतं धरल्यावर एवढं? दाजी, खरं सांगा."

काशाप्पा जवळ येऊन त्या खुणा निरखू लागला. बायकोला धरलं होतं हे खरं. पण किती जोरात? त्यानं आपलाच दंड आवळून बघितला. चांगला करकचून आवळला. हात काढला तशी लाली उठली आणि बघता बघता विरून गेली. मग हिच्याच अंगावर एवढं काळंनिळं कसं? पोटरीवरही तसाच एक डाग होता. तो कशानं आला हे तिलाही सांगता येईना. चूळ भरताना सकाळी रक्त आलं होतं, हेही ती आत्ताच बोलली.

लिंगराजनं बिदरच्या डॉक्टरांना फोन लावला. हृदयाची झडप बदलल्यापासून तिच्या गोळ्या त्यांच्याकडूनच चालू होत्या.

"रक्त पातळ ठेवायची गोळी आहे ती," डॉक्टर म्हणाले. "साधं धरलं तरी असं उमटतं. पण हिरड्यांतून रक्त येतंय म्हणजे जास्तच पातळ झालं असेल. आत्ताच घेऊन या, तपासू. आपल्या मनानं गोळी बंद करू नका मात्र. झडपेवर रक्ताची गाठ धरेल."

काशाप्पाला अर्धंच कळलं. घट्ट झालं तर घात, पातळ झालं तरी घात.

"गाडी आणतो, दाजी," लिंगराज खालच्या आवाजात म्हणाला आणि बाहेर गेला.

पद्माबाईनं उठायला हात पुढं केला. काशाप्पाचा हात तिच्या दंडापाशी गेला, थबकला. मग मनगटापाशी गेला. तिथंही थबकला.

"काय बघायलाव नुसतं? धरा की."

"तूच धर मला," तो म्हणाला, आणि वाकून त्यानं खांदा पुढं केला.